रत्नाक्काची गोड शेवटाची पुस्तकं

रत्नाक्का पुस्तक घ्यायच्या आधी त्याचं शेवटचं पान वाचायची. सांगलीत स्टँडच्या मागे जुन्या पुस्तकांचं एक दुकान होतं. तिथं उभ्या उभ्या, ओळीखालून बोट फिरवत, ओठ हलवत ती शेवटचं पान पुरं करायची आणि मगच पुस्तक पिशवीत जायचं. एकदा मी सोबत होते. दुकानदार वैतागून म्हणाला, "आक्का, शेवट आधीच वाचला तर मजा काय उरली?"

"मजा तुमाला लागती. मला शेवट गोड हाय का तेवढं बघू द्या. कडू शेवट काय, आमच्या घराघरात फुकट मिळत्यात."

पुस्तकं सगळी एकाच जातीची. शहरातली एखादी चटपटीत मुलगी, तिला भेटणारा एखादा घमेंडखोर पण मनानं बरा तरुण, चुकून एकमेकांच्या बॅगा बदलणं, एखादं लटकं भांडण, गैरसमज, पाऊस, आणि शेवटी सगळं सुरळीत. गुलाबी नाहीतर आकाशी कव्हर. मी मराठी घेऊन बी.ए. केलेलं. अशी पुस्तकं आमच्या कॉलेजात कुणी उघड वाचत नसे. वाचली तरी नावं ठेवायची पद्धत होती. मीही ठेवत असे.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. पंपांना लागणारे रबरी वायसर आम्ही बनवायचो. साच्यातून वायसर निघाला की त्याच्या कडेला रबराचा पातळ पापुद्रा राहतो. तो कात्रीनं कापून काढायचं काम अकरा बायका करायच्या. रत्नाक्का त्यांत सगळ्यात जुनी, चौदा वर्षांची. मी त्यांच्यासमोर तपासणीच्या टेबलावर बसायचे. काम हातांचं, त्यामुळे तोंड मोकळं. आणि ते मोकळं तोंड रत्नाक्काच्या ताब्यात असायचं.

ती दिसायला गोष्ट सांगणाऱ्यांतली नव्हतीच. उंच, वाळलेली, हनुवटीवर गोंदण, भुवया कायम चढलेल्या. पाहणाऱ्याला वाटावं, ही आता भांडायलाच उठणार. मूळची जतकडच्या माळरानावरची. वडील मेंढरं राखायचे. शाळा सातवीपर्यंत. पण आदल्या दिवशी वाचलेलं प्रकरण ती सांगायला लागली की कात्र्यांचा आवाजसुद्धा हळू व्हायचा. सांगताना हातातली कात्री खाली ठेवायची, कारण तिला दोन्ही हात लागत. नायक दार उघडायचा तर तिचे हात दार उघडायचे, नायिका रुसायची तर तिची मान फिरायची.

"मग त्यो म्हनला, मैथिली, रागावलीस का?"

"काय करतो गं हा?" शोभा विचारायची. शोभा तिच्या शेजारी बसायची. हसरी, गोल चेहऱ्याची, दोन मुलांची आई.

"कंपनीचा मालक हाय."

"मग कुपवाडातला न्हाई," शोभा म्हणायची, आणि सगळी रांग खिदळायची.

पुस्तकांना ती देवादिकांच्या कॅलेंडरची पानं कव्हर म्हणून घालायची. बाहेरून लक्ष्मी, गणपती. गेटवरच्या वॉचमनला बरेच दिवस वाटत होतं की ही बाई पोथी वाचते. जेवणाच्या सुट्टीत तिच्या हातात पुस्तक दिसलं की तो बिडी विझवायचा. ठेवायला जागा नव्हती म्हणून मी माझ्या टेबलाचा खालचा खण तिला दिला होता.

तिची एक सवय मला फार उशिरा लक्षात आली. ती प्रत्येकीला पूर्ण नावानं हाक मारायची. शोभीला शोभा, मंगीला मंगल, मला सुजाता. झाडूवालीलासुद्धा. कुणाला "ए" म्हणून हाक मारलेली तिला खपत नसे. एकदा सुपरवायझर "ए, इकडं ये" म्हणाला, तर ही जागची हलली नाही. तिसऱ्यांदा म्हणाल्यावर मान वर करून बोलली, "साहेब, मला बोलावताय व्हय? माझं नाव रत्नाबाई हाय. कार्डावर लिवलंय."

त्या दिवशी आम्ही बसस्टॉपवर दोघीच होतो. मी विचारलं, "एवढं काय मनाला लावून घेता?"

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "बावीस वर्सं संसार केला मी. मालक वाईट न्हवता. दारू न्हाई, मारहान न्हाई. पर कवा नावानं हाक मारली न्हाई गं. ए म्हनायचा. लांब असली तर अगं ए. ह्या पुस्तकात बघ. मी मोजलंय सुजाता, एका पानावर त्यो बारा येळा तिचं नाव घेतो. बारा येळा."

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

ही पुस्तकं तिच्या हाती कशी आली हेही तिनं मला एकदाच सांगितलं. नवरा ट्रक चालवायचा. मूत्रपिंडं निकामी झाली आणि सांगलीत सरकारी दवाखान्यात त्यानं कित्येक आठवडे काढले. शेजारच्या कॉटवरचा पेशंट बरा होऊन घरी गेला. त्याच्या मुलीचं एक पुस्तक उशीखाली राहिलं. रत्नाक्कानं ते उचललं. शाळा सुटल्यानंतर तिनं हातात धरलेलं ते पहिलं पुस्तक. अक्षर अक्षर जुळवत दिवसाला चार पानं व्हायची.

"एका दुपारी त्यो डोळं मिटून पडला हुता. मी वाचत हुते. त्यात ती पोरगी पहिल्यांदा भाकरी करती, आनि त्या भाकरीचा आकार बघून त्यो म्हनतो, ह्यो कुठल्या देशाचा नकाशा? मला हसू आवरंना. तोंडावर पदर धरून हसत हुते. तेवढ्यात नणंद डबा घेऊन आली. तिनं बघितलं, मी हसतीया, आनि तिचा भाऊ गेलाय."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"कवा गेला मला कळलंच न्हाई. माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर. नणंदेनं सगळ्यास्नी सांगितलं. सासरच्यांनी उंबरा बंद केला. त्यांचं बी काय चुकलं? नवरा मरत असताना हसनारी बाई कोन घरात ठेवंल?"

"आणि ते पुस्तक?" मी विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण तोंडातून निघून गेला.

"तेरावं झाल्यावर वाचून पुरं केलं," ती म्हणाली. "अर्धं सोडून कसं चालंल? त्या दोघांचं लगीन व्हायचं हुतं."

त्यानंतर मी तिच्या पुस्तकांना नावं ठेवणं बंद केलं. एक-दोन घरी नेऊन वाचलीही. चांगली होती असं नाही म्हणणार. माणसं कागदी, बोलणं गुळमट. पण सकाळी बस पकडायच्या धांदलीत मला कधी कधी त्यांतलं एखादं वाक्य आठवायचं आणि पुढचा अर्धा तास बरा जायचा.

अर्थात ही पुस्तकं नेहमी बरंच करायची असं नव्हे. एका गोष्टीत नायक बायकोला रोज सकाळी चहा करून द्यायचा. त्यावरून जेवणाच्या सुट्टीत मोठा वाद झाला. असे पुरुष असतात की नाही. शोभा म्हणाली, "आमच्याला सांगून बघते. फार तर न्हाई म्हनंल." दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा डावा गाल सुजलेला होता. ती हसत हसत सांगत होती, "च्या मिळाला बाई, लय कडक मिळाला." बायका हसल्या. रत्नाक्का हसली नाही. तिनं उठून शोभाच्या गालाला बोटं लावून पाहिली, मग खाली बसून कात्री चालवायला लागली. आठवडाभर तिनं गोष्ट सांगितली नाही. शेवटी शोभाच म्हणाली, "आक्का, सांगा की. माझ्यापायी सगळ्यास्नी का उपाशी मारताय?"

मग प्राजक्ता आली.

प्राजक्ता ऑफिसात कॉम्प्युटरवर नोंदी करायची. आष्ट्याकडची, घरचा ऊस, दोन भाऊ, थोरला सैन्यात. इथं मामाकडं राहून हट्टानं नोकरी करत होती. ऑफिसातली असून जेवायला आमच्यात यायची, ती रत्नाक्काच्या गोष्टींसाठी. सहा महिन्यांत आम्हा सगळ्यांना कळलं की प्रेसवर काम करणाऱ्या महेशचं आणि तिचं जमलंय. महेश शांत, कामसू पोरगा. पण जात वेगळी.

एका दुपारी ती रत्नाक्काजवळ येऊन बसली. मी समोरच होते.

"आक्का, आम्ही रजिस्टर लग्न करतोय. तुम्हीच सांगता ना, शेवटी सगळं नीट होतं."

मला वाटलं, रत्नाक्का खूश होईल. तिचा चेहरा एकदम उतरला.

"प्राजक्ता, ती पुस्तकं हायती. त्यात पोरीला भाऊ नसत्यात. असला तर एक, आनि त्यो बी इनोदी. तुला दोन हायती, आनि मामा. घरी बोल आधी. आईला सांग."

"आईला सांगितलं. आईनं फोन काढून घेतला. हा हातातला मैत्रिणीचा आहे."

रत्नाक्कानं हातातली कात्री खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "महेश तुला काय म्हनून हाक मारतो?"

प्राजक्ता गोंधळली. "प्राजक्ता म्हणतो. का?"

"काय न्हाई," रत्नाक्का म्हणाली.

लग्न झालं त्या दिवसापासून रत्नाक्का तीन दिवस रजेवर गेली. जतजवळच्या गावी बहिणीचे डोळे दुखताहेत म्हणून. प्राजक्ताला आणि महेशला तिनं तिकडं नेऊन ठेवलं असणार हे मला उमगलं, पण मी कुणाला बोलले नाही. ती परत आली त्याच दिवशी प्राजक्ताचे दोन्ही भाऊ गेटवर आले. मामानं त्यांना सांगितलं होतं की कारखान्यात एक बाई पोरींना प्रेमाची पुस्तकं वाचून दाखवते.

मॅनेजरनं रत्नाक्काला आणि तिच्यासमोर बसणारी म्हणून मला केबिनमध्ये बोलावलं. भाऊ उभे होते. धाकटा तापलेला, थोरला गप्प.

"ही व्हय ती?" धाकटा म्हणाला. "काय वाचून दाखवलंस आमच्या बहिणीला?"

मॅनेजरला प्रकरण लवकर मिटवायचं होतं. तो माझ्याकडे वळला. "पुस्तकं कुठं ठेवते ही?"

मी नाही म्हणू शकले असते. माहीत नाही म्हणू शकले असते. तो खण माझ्या टेबलाचा होता, माझंही नाव त्यात येईल एवढंच मला सुचलं. काचेतून टेबल दिसत होतं. मी बोट दाखवलं. "खालच्या खणात. सगळी त्यांचीच आहेत."

पुस्तकं आणली गेली. धाकट्यानं वरच्या पुस्तकाचं लक्ष्मीचं कव्हर टराटरा फाडलं. आत गुलाबी चित्र, एका छत्रीखाली मुलगा आणि मुलगी. "हे बघा," म्हणाला, "देवाच्या आडून काय धंदे चालल्यात." आणि आम्हा सगळ्यांना लाज वाटावी म्हणून त्यानं मधलंच एक पान उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. त्या पानावर नायक पहिल्यांदाच पोहे करत होता. कांदा करपला, हळद जास्त पडली, धूर झाला, आणि नायिका खिडकी उघडून शेजाऱ्यांना सांगत होती की आग लागलेली नाही, स्वयंपाक चाललाय. धाकटा वाचत राहिला. पुढच्या ओळीत तरी काही सापडेल म्हणून पान उलटलं. तिथंही पोहेच होते. दाराशी जमलेल्या बायकांत कुणीतरी फस्सकन हसलं. त्याचा आवाज मध्येच बसला.

"ह्यात काय हाय तरी काय?" थोरला पहिल्यांदाच बोलला. त्याचा सूर रागाचा नव्हता, त्याला खरोखर कळत नव्हतं.

"तेच सांगती भाऊ," रत्नाक्का म्हणाली. "काय बी न्हाई ह्यात. दोन मानसं एकमेकांशी नीट बोलत्यात, एवढंच."

"प्राजक्ता कुठं हाय?"

"मला ठाव असतं तरी तुमाला सांगितलं नसतं. तुमचा राग उतरल्यावर या. मग मीच हुडकून दीन."

धाकट्यानं पुस्तक तिच्या अंगावर भिरकावलं. ते तिच्या खांद्याला लागून खाली पडलं. ती वाकून उचलायला गेली, तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "राहू द्या ते. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

रत्नाक्कानं पुस्तक उचललं. चुरगळलेली पानं हातानं सरळ केली. माझ्यासमोरून गेली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. रागानं पाहिलं नाही की मला लाज वाटू नये म्हणून, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

प्राजक्ता आणि महेश कराडला राहायला गेले. महेशला तिथं एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. दीड वर्षानं मुलगा झाला आणि माहेरचा राग निवळला. नातू पाहून आई विरघळली, भावांनीही जुळतं घेतलं. पण नातेवाइकांत तोंड दाखवायला काहीतरी कारण हवं होतं. ते मिळालं. पोरगी मुळात तशी नव्हती, कारखान्यातल्या एका बाईनं तिचं डोकं फिरवलं. प्राजक्तानंही मान हलवली. एवढंच नव्हे, बारशाच्या याद्या चालल्या असताना तिनं स्वतः मावशीला सांगितलं, "त्या बाईनंच नादी लावलं मला." शोभाच्या नणंदेचं सासर त्याच भावकीतलं, म्हणून हे आमच्यापर्यंत पोचलं.

मला बारशाचं बोलावणं होतं. जायच्या आदल्या दिवशी मी रत्नाक्काच्या खोलीवर गेले. ती तेव्हा दोन घरी स्वयंपाकाला जात होती. नंतर तिसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं असं ठरवून मी ते सगळं सांगितलं.

"बरं केलं तिनं," ती लगेच म्हणाली. "कुनाच्या तरी माथी मारायचंच हुतं. माझं काय जातंय? तिला म्हायेर मिळालं न्हवं?"

चहा टाकायला उठली. पाणी उकळून आटत आलं तरी ती तशीच पाठ करून उभी होती. मग तोंडावर पाणी मारून आली. फळीवरून एक पुडी काढून तिनं माझ्यासमोर ठेवली. आत झबलं होतं. पिवळं, मऊ कापडाचं, हातानं शिवलेलं, बाळाला टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला घेतलेली. ती बोलावण्याची वाट पाहत होती.

"तू जातीयास न्हवं? दे माझ्याकडनं."

कराडला हॉल गच्च भरला होता. प्राजक्ता बाळाला घेऊन बसली होती, अंगानं भरलेली, दागिन्यांत ओळखू न येणारी. शेजारी सैन्यातला भाऊ उभा होता, आल्यागेल्याचं स्वागत करत. मी पुडी दिली. प्राजक्तानं झबलं उलगडलं, शिवणीवरून बोट फिरवलं.

"कुणी शिवलं?" तिनं हळूच विचारलं.

भाऊ माझ्याकडे पाहत होता. "मी," मी म्हणाले.

मला शिवणाचा टाकाही घालता येत नाही, हे प्राजक्ताला माहीत होतं. झबल्याची घडी करून तिनं ते भेटींच्या ढिगात ठेवलं नाही, मांडीखाली ठेवलं. घरी येताना एसटीत मी ठरवलं की रत्नाक्काला निदान एवढं तरी सांगायचं. पण सांगायचं तर माझं खोटंही सांगावं लागलं असतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना गेला. गेले तेव्हा खोलीला दुसऱ्याचं कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, "त्या गेल्या वर घाटाकडं, कुनाच्या तरी ओळखीनं. शेतावर काम हाय म्हनत हुत्या." तिचा फोनही लागला नाही.

यंदा थंडीत भाचीच्या शाळेच्या चौकशीसाठी मी पाचगणीला गेले होते. परतताना घाटाच्या तोंडाशी गाड्या खोळंबल्या. कुठलातरी ट्रक वळणावर अडकला होता. आमच्या एसटीच्या पुढे एक उघडा टेम्पो उभा होता. स्ट्रॉबेरीच्या मळ्यावरच्या बायका, पंधरा-वीस जणी, डोक्याला फडकी बांधलेल्या, बोटं लाल झालेली. मी ड्रायव्हरच्या मागच्याच खिडकीत होते. टेम्पोच्या फळीला टेकून बसलेल्या बाईचा चेहरा मला एका बाजूनं दिसला. भुवया चढलेल्या. केस जवळजवळ सगळे पांढरे झाले होते.

ती बोलत होती. बाकीच्या बायका तिच्याकडे तोंड करून, पुढं झुकून बसल्या होत्या. एकीनं पोळीचा घास तोंडाशी नेलेला तसाच धरला होता.

मी काच सरकवली आणि डोकं बाहेर काढून हाक मारली, "रत्नाक्का! ओ रत्नाक्का!"

दोन-तीन बायकांनी इकडं पाहिलं. तिनंही मान वळवली. तिची नजर आमच्या गाडीवर आली, माझ्यावर आली असं मला वाटलं. तिनं हात वर केला, तळवा पुढं. मीही हात वर केला. तेवढ्यात पुढचा ट्रक निघाला आणि टेम्पो हलला. तिची मान केव्हाच परत बायकांकडे वळली होती, हात मात्र तसाच हवेत होता. तो मला होता, की गोष्टीतलं कुणीतरी कुणाला जाऊ नको म्हणत होतं, ते मला कळलं नाही. वळणावर सगळ्या बायका एकदम हसलेल्या ऐकू आल्या आणि टेम्पो घाटात उतरला.